धूर नव्हता : चोरलच्या एका रात्रीचं प्रकरण

इंदूरच्या एका शाळेत मी गेली २४ वर्षं रसायनशास्त्र शिकवते. कार्बन मोनॉक्साइडचे गुणधर्म फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. तरीही डिसेंबरच्या एका रात्री माझी आई, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं ज्या तंबूत झोपायला गेली त्यात हाच वायू दीड तास साठत राहिला, आणि मी २० पावलांवर दुसऱ्या तंबूत रजई घेऊन पडले होते. सगळे सुखरूप आहेत. पण आमचं नेमकं कुठे चुकलं आणि कशामुळे वेळेवर लक्षात आलं, हे घरच्यांना विचारून मी सविस्तर लिहिते आहे. थंडी पडली की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं चोरल, महू, मांडूच्या बाजूला तंबू घेऊन निघतात, आणि गाडीच्या डिकीत शेगडी असतेच.

चोरल इंदूरपासून साधारण ४० किलोमीटर, खंडव्याच्या रस्त्यावर सिमरोलच्या पुढे. नदीजवळ ओळखीच्यांचं शेत आहे. आम्ही आठ जण होतो. मोठ्या तंबूत ७४ वर्षांची आई, भाऊ, भावजय, नऊ वर्षांची भाची आणि पाच वर्षांचा भाचा. लहान तंबूत मी, यजमान आणि आमचा सोळा वर्षांचा मुलगा.

बेत अर्थातच दाल-बाफल्यांचा, म्हणजे डाळ आणि कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांचा. आणि हे आधीच सांगते की स्वयंपाकाची व्यवस्था आम्ही नीट केली होती. वाऱ्याचा रोख पाहून तंबूंपासून ३० फुटांवर खड्डा खणला, भोवतालचं वाळकं गवत उपटलं, दगड लावले. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि घमेलंभर माती. मुलांसाठी चुन्याची रेघ ओढली होती, तिच्या आत यायचं नाही. डाळीसाठी ५ किलोचा गॅस सिलिंडर होता. तो सपाट दगडावर उभा ठेवला, जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत उताराकडे सरकतो. म्हणून सिलिंडर चुलीच्या आणि तंबूंच्या खालच्या अंगाला ठेवला.

बाफले आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, वर तरंगले की काढून निथळायचे आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. आईने खाटेवर बसून सूचना दिल्या, भावाने भाजले. फडक्यात घेऊन राख झटकायची, दोन्ही तळव्यांत दाबून फोडायचे आणि तुपात सोडायचे. साडेआठपर्यंत सगळ्यांची पोटं तुडुंब भरली होती. हे भरलेलं पोट पुढे आम्हाला महागात पडणार होतं.

नऊच्या सुमारास मावठ्याचे थेंब पडायला लागले.

ओसरीतली शेगडी

पाऊस आला तशी पहिली सूचना भावजयीची होती. गॅसची शेगडी मोठ्या तंबूच्या ओसरीत आणू आणि चहा टाकू. ओसरी म्हणजे तंबूच्या आतल्या दारापुढचा कनातीखालचा तुकडा, जिथे आपण चपला काढतो. माझ्या मुलाने तिला अडवलं. "मामी, वरचं कापड नायलॉनचं आहे. पेटलं तर बाहेर पडायला दुसरं दार नाही." चहा रद्द झाला. दुसऱ्या दिवशी त्याने तंबूच्या पिशवीचा बोटभर तुकडा कापून चिमट्यात धरला आणि काडी लावली. कापड आधी आक्रसलं, मग काळं होऊन त्याचा थेंब झाला, आणि तो जळता थेंब दगडावर पडून तसाच चिकटून जळत राहिला. सुती कापडाची राख झटकता येते. हे मात्र कातडीला चिकटतं आणि उतरवायला गेलं की कातडी घेऊन येतं.

म्हणजे ज्वाळेची भीती आम्हा सगळ्यांच्या मनात पक्की होती. म्हणूनच पुढचं घडलं, असं मला आता वाटतं. ज्वाळ टाळली की आम्ही निर्धास्त.

आईला थंडी सोसत नाही. तिचे हात गार पडले होते. भावाने मुलांसाठी कणसं भाजायला लोखंडी शेगडी आणि लाकडी कोळसा आणला होता. ती शेगडी त्याने पावसातून झाकून आणली. मी तंबूच्या दारातून पाहिलं आणि विचारलं, "धूर होणार नाही ना रे?"

"नाही ताई. धूर जाईपर्यंत थांबलो होतो. आता तर वरची निळी ज्वाळही विझली, नुसते निखारे आहेत. आईला जरा ऊब."

मी मान डोलावली. साडेनऊ वाजले होते. शेगडी ओसरीत ठेवली, आतलं जाळीचं दार ऊब यावी म्हणून उघडं, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरच्या कनातीची चेन खालपर्यंत ओढलेली.

मी धुराबद्दल विचारलं, वायूबद्दल विचारलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे.

सव्वादहाला भाचीचा आवाज आला, "आत्या, माझं डोकं दुखतंय." मी म्हटलं, दिवसभर उन्हात खेळलीस बाळा, झोप. साडेदहाला भावजयीने हाक मारली, "ताई, तुमच्याकडे हिंग आहे का? आईंना मळमळतंय. मलाही जडजड वाटतंय. बाफले बाधले बहुतेक." मी उठून चेनच्या फटीतून हिंगाची डबी आणि कोमट पाण्याची बाटली दिली आणि परत आले. तेवढ्या वेळात माझ्या हाताला आतली ऊब लागली, आणि खरं सांगते, ती हवीहवीशी वाटली.

पावणेअकराला भावाने औषधांच्या पिशवीतला करोनाच्या काळातला ऑक्सिमीटर आईच्या बोटाला लावला आणि मोठ्याने सांगितलं, "अठ्ठ्याण्णव आहे. काही काळजी नाही." त्या आकड्याने आम्हा सगळ्यांची शंका पंधरा मिनिटं गप्प बसवली.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. माझा मुलगा अंथरुणात म्हणाला, "आई, बाफले तर सगळ्यांत जास्त मी खाल्ले. मला काहीच होत नाहीये." आणि तेवढ्यात पलीकडून भावजय म्हणाली, "याला शू करायला उठवतेय, तर हा उठतच नाहीये."

एकाच परातीतलं खाल्लेले आठ जण. पाच आजारी, तीन ठणठणीत. आणि ते पाचही एकाच छताखाली. अन्न बाधलं असतं तर त्याने तंबू पाहिला नसता. मी अनवाणी धावले.

चेन वर ओढली तेव्हा कनातीच्या आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ उतरत होते. वास काही नव्हता. शेगडीतल्या निखाऱ्यांवर पांढुरक्या राखेची साय धरली होती आणि खालून लाली दिसत होती. देवघरातल्या धुपाटण्यासारखी शांत. यजमानांनी सांडशीने धरून शेगडी बाहेर भिरकावली, मुलाने दोन्ही दारं आणि मागची खिडकी उघडली. भाच्याला मी उचललं, त्याची मान खांद्यावर लुळी पडली होती. पावसाच्या गार हवेत तो दोन-तीन मिनिटांत कुरकुरला. ती कुरकुर मी आयुष्यभर विसरणार नाही. भाऊ स्वतः चालत निघाला आणि चौथ्या पावलावर गुडघ्यांवर बसला. "पायात जीवच नाही ताई," एवढंच म्हणाला.

रस्ता आणि दवाखाना

तिथे खोलगट भागात मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे १०८ ला फोन लागला नाही. आम्ही दोन गाड्यांतून निघालो. एक यजमानांनी चालवली, दुसरी मी. भाऊ आग्रह करत होता की माझी गाडी मीच चालवतो, मला आता बरं वाटतंय. त्याला बसू दिलं नाही. जो त्या हवेत होता त्याला बरं वाटलं तरी त्याच्या हातात गाडी द्यायची नाही. डोकं ताळ्यावर आहे असं वाटणं हे डोकं ताळ्यावर असण्याचं लक्षण नव्हे. काचा अर्ध्या उघड्या ठेवल्या, मुलांना गोधडीत गुंडाळलं. माझा मुलगा मागे बसून भाच्याला एकसारखं बोलतं ठेवत होता.

पाऊण वाजता शहरातल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात पोहोचलो. एका घरातली पाच माणसं, डोकेदुखी, मळमळ, एकाला उलटी. तरुण डॉक्टरांनी साहजिकच पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं होतं?" मी म्हटलं, "बंद तंबूत दीड तास कोळशाची शेगडी होती." त्यांनी हातातलं कागदपत्र खाली ठेवलं आणि सिस्टरांना ऑक्सिजनचे पिशवीवाले मास्क आणायला सांगितले. हे एक वाक्य आपण होऊन सांगायला हवं. ताप नसलेला फ्लू, पित्त, अन्न बाधणं, या सगळ्यांसारखंच हे दिसतं, आणि शेगडी तर मागे तंबूतच राहिलेली असते. ती डॉक्टरांना दिसणार कशी?

तिथेही बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता. कारण साधं आहे. ते यंत्र बोटातून दोन रंगांचा प्रकाश सोडतं आणि हिमोग्लोबिनवर काहीतरी बसलेलं आहे की नाही, एवढंच ताडतं. ते बसलेलं ऑक्सिजन आहे की कार्बन मोनॉक्साइड, हे त्याला ओळखता येत नाही. त्यासाठी रक्त काढून वेगळ्या यंत्रावर तपासावं लागतं. मास्क लावण्याआधी घेतलेल्या नमुन्यांत भाच्याचं कार्बोक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, १८ टक्के आलं, भाचीचं १६, आईचं १४. धूम्रपान न करणाऱ्या माणसात ते साधारण २-३ टक्क्यांच्या आत असतं.

शिक्षिकेची सवय, मी तिथेच बाकावर बसून उलटा हिशोब केला. साध्या हवेत हे प्रमाण निम्मं व्हायला साधारण चार ते पाच तास लागतात. तंबूतून काढल्यापासून नमुना घेईपर्यंत पावणेदोन तास गेले होते. म्हणजे भाच्याला बाहेर काढलं तेव्हा तो २३-२४ टक्क्यांच्या आसपास असणार. त्याच्या रक्तातला जवळजवळ चौथा हिस्सा ऑक्सिजन वाहायचं काम करत नव्हता. शुद्ध ऑक्सिजनवर हाच निम्मेपणा तासा-सव्वा तासात येतो, म्हणून मास्क. सहा तास सगळ्यांना मास्क होता. आईचा ईसीजी काढला, हृदयाची रक्ततपासणी केली, कारण ऑक्सिजन कमी पडला की म्हाताऱ्या हृदयावर आधी ताण येतो. मुलांचा आकडा मोठ्यांपेक्षा जास्त का, हेही डॉक्टरांनी सांगितलं. मुलं भरभर श्वास घेतात, त्यामुळे तीच हवा त्यांच्यात लवकर भिनते. घरात कोणी गरोदर असतं तर पोटातल्या बाळाची चिंता आईपेक्षा जास्त असती.

शेगडीत काय चाललं होतं

भावाला मी हे घरी आल्यावर समजावून सांगितलं, तसंच इथे लिहिते.

शेगडीच्या जाळीखालून हवा शिरते. खालचा कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर चढताना लालबुंद कोळशांच्या थरातून जातो आणि तिथे त्याला आणखी कार्बन मिळतो. एकाचे दोन होतात, कार्बन मोनॉक्साइडचे. हा वायू स्वतः जळणारा आहे. शेगडीच्या तोंडाशी पुरेशी उष्णता आणि हवा असली की तो पेट घेतो. निखाऱ्यांवर ज्या निळ्या जिभा नाचताना दिसतात, त्या त्याच्याच. कोळसा थोडा बसला, वर राख धरली, वरचा थर निवला की त्या जिभा विझतात. वायू तयार व्हायचा थांबत नाही, न जळता बाहेर पडू लागतो. भाऊ ज्या क्षणाची वाट पाहत थांबला होता, निळी ज्वाळ विझण्याची, तोच क्षण शेगडी आत न्यायला सर्वांत वाईट होता. त्याने निष्काळजीपणा केला नव्हता. आपल्या आजीने, आईने, सगळ्यांनी शिकवलेलं तो पाळत होता की धूर गेला की शेगडी घरात घ्यावी. त्या घरांना कौलं होती, फटी होत्या, तरीही हिवाळ्यात माणसं दगावत. तंबूला लेप दिलेलं कापड असतं आणि त्यातून काही जात नाही.

तो मोठा तंबू साधारण १० फूट बाय ८ फूट, सरासरी उंची ५ फूट. ४०० घनफूट, म्हणजे जवळपास ११,००० लिटर हवा. आता फक्त १० ग्रॅम कार्बन घ्या, कोळशाचा सुपारीएवढा तुकडा. तो पूर्ण मोनॉक्साइड झाला तर २० लिटर वायू होतो. ११,००० लिटरमध्ये २० लिटर म्हणजे दहा लाख भागांत १,८०० भाग. ४०० भागांना तास-दोन तासांत कपाळ दुखू लागतं. ८०० ला पाऊण तासात चक्कर आणि मळमळ, दोन तासांत शुद्ध हरपते. १,६०० च्या वर तासाभरात माणूस जाऊ शकतो. आणि शेगडीत सुपारी नव्हती, किलोभर कोळसा होता. आमच्या तंबूत थोडी हवा खेळत होती म्हणून निभावलं.

"मग खिडकी उघडी ठेवली असती तर?" भावजयीने विचारलं. नाही. हा वायू हवेइतक्याच वजनाचा आहे. तो वर छताला जाऊन झरोक्यातून निघून जात नाही की खाली बसत नाही, सगळीकडे मिसळतो. किती फट पुरेल हे वारा ठरवतो, आणि वारा रात्री पडतो. कोळसा, लाकूड, गोवरी, गॅसची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, यांतलं काहीही तंबूत किंवा ओसरीत पेटवायचं नाही, आणि जेवण झाल्यावर निवत असलेली शेगडीही तिथे ठेवायची नाही. यात तडजोड मी मान्य करत नाही.

फेब्रुवारीत आम्ही परत गेलो. आईच म्हणाली, जायचं. या वेळी दोन तंबूंच्या मध्ये नाही, तर वेगळ्या जागी, १५ फूट लांब, चार बांबूंवर ताडपत्री बांधली, डोक्यापेक्षा दोन हात उंच आणि चारही बाजूंनी उघडी. पाऊस आला तर स्वयंपाक तिथे. ताडपत्रीही टिकली नाही तर स्वयंपाक नाहीच. म्हणून डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव-जिरावन आणि थर्मासमध्ये चहा. झोपायच्या आधी निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि हाताच्या उलट्या बाजूने जवळून पाहायचं की ऊब लागते का. हे काम माझ्या मुलाने मागून घेतलं.

आईच्या थंडीचं खरं उत्तर तर फार सोपं निघालं. तिला थंडी वरून लागत नव्हती, जमिनीतून चढत होती. पहिल्या खेपेला तिच्या अंगावर दोन रजया होत्या आणि खाली एक सतरंजी. आता खाली फोमची चटई, तिच्यावर दोन गोधड्या, आणि वर एकच रजई. कानटोपी, कोरडे लोकरी मोजे, पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी. पहाटे तिनेच रजई बाजूला सारली.

तंबूत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही टांगला होता. युरोपच्या ईएन ५०२९१ या मानकाचा घेतला. त्या मानकाप्रमाणे दहा लाखांत ५० भाग असले तर तो ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० असले तर १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० असले तर तीन मिनिटांच्या आत. अलार्म आहे म्हणून शेगडी आत घेतली, असं मात्र आमच्याकडे कोणी करणार नाही. शेजारच्या तंबूची चूल, गाडीचं चालू इंजिन, वाऱ्याने फिरलेला धूर, यांच्यासाठी तो आहे.

एक गोष्ट राहिली. रुग्णालयातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की या विषबाधेनंतर माणूस बरा दिसतो आणि मग काही दिवसांनी, कधी महिन्याभरानेही, विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणं सुरू होऊ शकतं. आईवर लक्ष ठेवा. आई त्या वेळी भाच्यासाठी स्वेटर विणत होती, समोरच्या बाजूला वेणीची नक्षी. रोज संध्याकाळी शाळेतून येताना मी लोकमान्य नगरला भावाकडे डोकावायचे आणि चहा पिता पिता तिच्या सुयांकडे पाहायचे. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी वेणीचा एक पेड उलटा गेलेला दिसला. माझ्या पोटात गोळा आला. मी काही बोलले नाही. आईने चश्मा सरकवला, ओळ मोजली, "दोन घर चुकले," म्हणाली, आणि त्या दोन ओळी उसवून पुन्हा विणायला घेतल्या. तरीही मी दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, सरळ रेषेत चालायला लावलं, आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. त्या तारखेला ती भाच्याला घेऊन गेली, त्याला तोच स्वेटर घालून.